हिरव्याच्या खाली

७ फेब्रुवारी

धाकटीस,

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून कोणी गेलंबिलं असं समजू नकोस. बाबा तर तू इथे असतानाच गेले. आता जाण्यासारखी मी एकटीच उरले आहे आणि मला इतक्यात सवड नाही.

पत्ता कुंडीवाल्या मावशींनी दिला. म्हणजे इतकी वर्षं तुझा पत्ता त्यांच्याकडे होता आणि रोज माझ्यासमोर बसून कुंड्या भरताना त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. जाब विचारला तर म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलाच नाहीत, ताई." माझ्यापुढे नर्सरीत कोणाची तोंड उघडायची छाती होत नाही, असं तू म्हणायचीस. येऊन बघ एकदा.

काम आहे म्हणून लिहिते आहे. उगाच आढेवेढे घेत नाही. तू जाताना सायीचं एक झाड कुंडीतून नेलं होतंस. ते असेल तर त्याच्या बारा काड्या पाठव. शेंड्याच्या, चार बोटं लांब, कळी न धरलेल्या. पेराच्या जरा खाली काप, खालची पानं काढ, ओल्या कापडात गुंडाळ आणि वरून प्लास्टिकची पिशवी घाल. हे तुला सांगायला नको हे मला माहीत आहे, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही हेही तुला माहीत आहे.

कारण असं की नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं आहे. नव्या वाणाची नोंद झाली की बारा वर्षांनी ते एकदा येऊन बघतात, की नोंदीत लिहिलंय ते झाड अजून तसंच आहे का. आपल्या नोंदीत लिहिलंय, 'साय: डेझीचं झुडूप, फूल पिवळ्याऐवजी दुधावरच्या सायीच्या रंगाचं.' ऑगस्टमध्ये त्यांचे साहेब येतील. दहा झाडं, सगळी फुललेली, सगळी एका रंगाची दिसली तर ठीक. नाहीतर साय रजिस्टरमधून जाणार.

माझ्याकडे साय भरपूर आहे, तशी काही अडचण नाही. पण ऐनवेळी रोग पडला, पाणी तुंबलं, असं होऊ शकतं. हाताशी थोडी जास्त असलेली बरी.

तुझा गाडीवाला बरा असेल. त्याला माझा नमस्कार सांगितला नाहीस तरी चालेल.

मोठी


१ मार्च

धाकटीस,

पत्र वाटेत हरवलं असेल, असं मी स्वतःला आठ दिवस सांगितलं. मग मावशी म्हणाल्या की त्यांना तुझं पत्र आलं, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करणारं. म्हणजे टपाल नीट चालू आहे. मावशींच्या गुडघ्यांना उत्तर मिळतं, बहिणीला मिळत नाही. छान.

मी लिहिलं होतं की साय भरपूर आहे. ते खोटं होतं. साय नाही. एक फूल नाही. शेडपासून कुंपणापर्यंत चार ओळी उभ्या आहेत आणि चारही पिवळ्याधमक. गेटवर अजून 'सायीची नर्सरी' अशी पाटी आहे. परवा एक बाई आत येऊन सगळीकडे फिरल्या आणि मला विचारून गेल्या, "साय कोणती यातली?" मी म्हटलं, अजून फुलायची आहे.

हे कसं झालं ते तू विचारणार नाहीस, कारण तुला माहीत आहे. साय म्हणजे पिवळीच्या अंगावर चुकून आलेली एक फांदी. मूळ पिंड पिवळीचाच, त्यामुळे सायीच्या झाडाला मधूनच पिवळी फांदी फुटते, आणि ती मेली सायीपेक्षा जोमदार असते. पानं दोन्हींची सारखी. काड्या घ्यायच्या त्या फुलं सरल्यावर, आणि तेव्हा कुठली फांदी कसली हे देवालासुद्धा ओळखता यायचं नाही. म्हणून तू बहर असतानाच ओळीओळीतून फिरून सायीच्या प्रत्येक फांदीला लाल लोकरीचा दोरा बांधायचीस. त्यासाठी बाबांचा मफलर उसवला होतास. मी केवढी ओरडले होते तुला, आणि बाबा नुसते हसत बसले होते. म्हणाले, "माझी मान काय, कशातही गुंडाळता येईल."

तू गेल्यावर मी दोरे बंद केले. पंधरा दिवस फांद्यांना धागे बांधत फिरायचं, हा मला पोरखेळ वाटायचा. मी काड्या घ्यायचे त्या जाड, टवटवीत फांद्यांच्या. मुळं पटापट धरायच्या. मी मावशींना म्हणायचे, "बघा, हात लागला की रुजतंय." मी दर वर्षी निवडून निवडून पिवळी लावत होते. गेल्या वर्षी चारही ओळींत मिळून फक्त तीन फांद्यांवर साय राहिली होती. मावशी म्हणाल्या, "ताई, दोरा बांधा की. धाकटी बांधायची तसा." मी म्हटलं, तीनच तर आहेत, माझ्या लक्षात आहेत.

नाही राहिल्या लक्षात.

आता माझं नाक कापलं जायचं आहे ते ऑगस्टमध्ये. तुला आनंद होत असेल तर हो. पण साय माझ्या एकटीची नाही, ती संपली तर जगातून संपली. काड्या पाठव.

मोठी


२२ मार्च

धाकटीस,

साय माझ्या एकटीची नाही, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. पेटीत टाकल्यावर मला वाटलं, हे वाचून तू मोठ्यांदा हसणार. तुझं हसणं मला इथपर्यंत ऐकू आलं.

मी इथे सगळ्यांना काय सांगते, ऐक. धाकटी त्या गाडीवाल्याच्या नादी लागली, कुंड्या पोहोचवायच्या गाडीत स्वतःच बसून निघून गेली. लोकांनाही हे पटकन पटतं. तो माणूस तसा वाईट नव्हता. माझी एक कुंडी त्याने कधी फोडली नाही. त्याच्यावर मी अकरा वर्षं खापर फोडत आले, कारण तो उत्तर द्यायला इथे नव्हता.

प्रदर्शनाच्या दिवशी काय झालं ते आपल्या दोघींनाच माहीत आहे. मी आज ते लिहिते, कारण तू काही बोलली नाहीस आणि मीही बोलले नाही, त्यामुळे ते झालंच नाही असं मला कधी कधी वाटायला लागतं.

टेबलावर साय होती. मागे पाटी होती. 'साय. शोधक:' आणि पुढे माझं नाव. तू ती पाटी वाचलीस. मी शेजारी उभी होते, कोणाशी तरी खताबद्दल बोलत. तू कुंडी जरा फिरवलीस, फुलांची तोंडं लोकांकडे केलीस, आणि बाहेर गेलीस.

त्या कुंडी फिरवण्याचा मला अजून राग येतो. तू आरडाओरडा केला असतास तर मी आरडाओरडा केला असता आणि प्रकरण मिटलं असतं.

माझीही एक बाजू आहे. ती कोणी कधी ऐकली नाही, आता तू ऐक. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून ही नर्सरी मी ओढली. पहाटे पाणी, दिवसभर कुंड्या, गिऱ्हाइकांची बोलणी. तू कॉलेजातून यायचीस, हुंदडायचीस, आणि एका दुपारी नळावर बाटली भरायला गेलीस तेव्हा तुला पिवळीच्या झुडपावर ती एक फांदी दिसली. त्या नळावर मी दिवसातून दहा वेळा जायचे. वाकून, बादली भरून, वाकून परत. मला कशी दिसणार? वर बघायला मला वेळ होता का? पुढे त्या एका फांदीच्या काड्या लावून, मेल्या की परत लावून, चार वर्षांनी तिची बाग केली ती मी. आणि अर्जावर नावाला एकच चौकोन. त्यात लिहिलं होतं, 'प्रथम पाहणारी व्यक्ती'. वाढवणारीला चौकोनच नव्हता.

बाबा जायच्या आधी म्हणाले होते, "जिला दिसलं तिचं नाव घालायचं." मी हो म्हटलं होतं. अर्ज भरताना मला ते चांगलं आठवत होतं.

मला तुझा हेवा वाटायचा. आता लिहूनच टाकलं. काड्या पाठवायच्या तर पाठव.

मोठी


१४ एप्रिल

धाकटीस,

अजून उत्तर नाही. मावशींच्या गुडघ्यांसाठी मात्र तेल आलं. त्यांनी बाटली माझ्यासमोर मुद्दाम दोनदा उघडली.

तू का लिहीत नाहीस हे मला कळत नाही, असा आव मी आतापर्यंत आणत होते. पहिल्या पत्रात 'ते झाड असेल तर' असं लिहिताना माझा हात थांबला होता. ते नसणार, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

बाबांनी या झुडपाबद्दल आपल्याला सगळ्यात आधी काय शिकवलं? कात्री हातात द्यायच्या आधी त्यांनी आपलं बोट धरून फांदीवरून वरून खाली फिरवलं होतं. इथे पानं आहेत, इथवर छाटायचं. दोन पेरं पानांची राखायची. पुढे हे तपकिरी लाकूड लागलं की थांबायचं. हिरव्याच्या खाली कात्री लावायची नाही. गुलाब बुंध्यातून परत फुटतो, हे झुडूप फुटत नाही. जुनं लाकूड उघडं पडलं की ते तसंच वाळून जातं. वाळायलाही वेळ लावतं. महिना-दीड महिना जिवंत असल्यासारखं दिसतं.

तू निघालीस त्या सकाळी मला म्हणालीस, "ताई, सायीचं एक झाड नेऊ?" एवढंच मागितलंस. मी म्हटलं, ने की. मग तू कपडे भरत होतीस तेव्हा मी ती कुंडी शेडमधल्या टेबलावर घेतली आणि कात्री घेतली. एकेक फांदी धरून पानांच्या खाली कापली. घाईत नाही. सगळ्या फांद्या एका उंचीच्या, नीट, तिरपा काप देऊन. इतकी सुबक छाटणी मी आयुष्यात केली नसेल. खाली कुंडीत नुसती तपकिरी बोटं उरली.

तू आलीस, कुंडीकडे बघितलंस, मग टेबलावर पडलेल्या शेंड्यांकडे बघितलंस. मी म्हणाले, "प्रवासात मोडलं असतं म्हणून छाटलं." तू म्हणालीस, "प्यायला पाणी भरून देतेस का?" मी बाटली भरून आणली. तू म्हणालीस, "बरं केलंस, ताई." आणि कुंडी मांडीवर घेऊन गाडीत बसलीस.

अकरा वर्षं मी 'बरं केलंस' यावर विचार करते आहे. तुला कळलं नसेल, असं मी धरून चालले. मग वाटायचं, एखाद्या खिडकीत ती कुंडी ठेवून तू रोज पाणी घालत असशील, आज फुटेल, उद्या फुटेल म्हणून. एकदा जेवताना ते डोळ्यांपुढे आलं आणि मी ताट सारून उठले.

तर तुझ्याकडे साय नसणारच. मी पत्रं कशासाठी लिहिली ते मला सांगता येत नाही. ऑगस्ट गळ्याशी आला म्हणून असेल. असेलच एखादा चमत्कार झाला, अशी आशा असेल. मी केलेलं फुकट गेलं असावं, असं मला वाटत असेल.

काड्या नकोत. आहे का नाही, एवढं कळव.

मोठी


९ मे

धाकटीस,

पार्सल मिळालं.

मावशींनीच आणून दिलं. माझे हात मातीचे होते तरी मी तसंच फोडलं. प्लास्टिकची पिशवी, आत ओलं कापड, कापडाच्या तीन घड्या, कडा आत दुमडलेल्या. बाबांची पद्धत. आत बारा काड्या, लाल लोकरीने बांधलेल्या.

बाराही जुन्या लाकडाच्या. तपकिरी, बोटाएवढ्या जाड, एकाही काडीवर पान नाही. एका उंचीच्या, तिरपा काप दिलेल्या.

मावशी वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, हे तर सरपण दिसतंय."

आपल्याकडे प्रत्येक जुडीला चिठ्ठी लावायची रीत, किती काड्या, कधी कापल्या, कोणी कापल्या. तीही होती. 'बारा. आज सकाळी. जसं तू दिलं होतंस तसंच.' खाली तुझं नाव.

माझा असा संताप झाला म्हणून सांगू. मी त्या काड्या टेबलावर आपटल्या. तोंडात येईल ते बोलले, मावशींच्या देखत. एवढी पत्रं लिहिली, लाज सोडली, जे स्वतःशीही बोलले नव्हते ते कागदावर घातलं, आणि तू मला वाळकी लाकडं पाठवलीस. आणि ती पाठवायला त्याच कापडाच्या तीन घड्या.

आपटल्यावर कापडातून एक फूल पडलं. वाळलेलं, चपटं झालेलं. सायीचं. मला चष्मा लावावा लागला नाही.

मग मी खाली बसले आणि एक काडी हातात घेतली. काप ताजा होता, आतला गाभा ओला होता. बोटाएवढं जाड लाकूड या झुडपाला दोन-चार वर्षांत येत नाही, आठ-दहा वर्षं लागतात. म्हणजे तुझ्याकडे झाड आहे. मोठं, जुनं, फुललेलं. त्याच्या अंगावर काड्यांसाठी शेंडे असतील शंभर, आणि तू हात घालून आतलं लाकूड कापलंस. स्वतःच्या झाडाच्या बारा फांद्या घालवल्यास माझ्यासाठी.

मी मावशींना विचारलं, "धाकटी गेली त्या दिवशी टेबलावरचे शेंडे कोणी उचलले?"

"धाकटीनंच. तुम्ही पाण्याला गेला होतात. ओल्या रुमालात बांधून पिशवीत घातले."

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं की."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंच नाहीत," मावशी म्हणाल्या, आणि कुंडी भरायला लागल्या.

म्हणजे 'बरं केलंस' म्हणालीस तेव्हा सगळी साय तुझ्या पिशवीत होती. आणि मेलेली कुंडी तू मांडीवर घेऊन बसलीस ती मला दाखवायला. अकरा वर्षं मी त्या कुंडीच्या नावाने जेवणावरून उठले, आणि तिकडे तुझ्या दाराशी साय फुलत होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग नुसती चीड आली, की माझ्या हातून एक पापसुद्धा धड पार पडलं नाही, आणि हे तू मला अकरा वर्षांत एका ओळीने कळवलं नाहीस.

पण तुझं बरोबर आहे. मी दिलं तेच मला आलं. मोजून.

मोठी


१९ ऑगस्ट

धाकटीस,

सोबत एक फॉर्म आहे. तो फेकू नकोस, आधी हे वाच.

नोंदणीचे साहेब काल आले. साठीचे, सभ्य गृहस्थ, वाक्यावाक्याला चष्मा पुसणारे. चार ओळी फिरले. मी त्यांच्या मागून चालले. ओळींच्या टोकाला थांबून म्हणाले, "बाई, हे सगळं पिवळं आहे."

मी म्हटलं, "हो."

"साय कुठे आहे?"

"माझ्याकडे नाही."

त्यांनी रजिस्टर उघडलं. आता रेघ मारणार हे मला दिसत होतं. मला गप्प बसता आलं असतं. रेघ मारली असती, चहा घेऊन ते गेले असते, आणि सायीच्या शेवटच्या ओळीपर्यंत माझंच नाव राहिलं असतं. खोडलेलं, पण माझं. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात ते येऊन गेलं.

मी म्हटलं, "साय आहे. जिला पहिल्यांदा दिसली तिच्याकडे आहे."

"पण इथे तर तुमचं नाव आहे."

"ते मी लिहिलं होतं. दिसली माझ्या धाकट्या बहिणीला."

त्यांनी चष्मा पुसला. असं तोंडी चालत नाही म्हणाले, लेखी पाहिजे. मग मी शेडमध्ये, त्याच टेबलावर बसून लिहून दिलं. तुझं नाव, नळाची जागा, ती दुपार, आणि अर्ज भरताना मला सगळं माहीत होतं हेही. मावशींनी साक्षीदार म्हणून सही केली. सही करताना त्यांनी कागद वाचला नाही. म्हणाल्या, "मला ठाऊक आहे काय असेल ते."

आता नोंदीत शोधक म्हणून तुझं नाव आहे. माझ्या नर्सरीचा हक्क कापला. साय रजिस्टरमध्ये राहावी म्हणून तुला एक वर्ष दिलं आहे. तुझ्याकडे दहा फुललेली झाडं दाखवायची, फॉर्म भरून पाठवलास की ते तिकडे येतील. माझ्या सहीची कुठेही गरज नाही, मी दोनदा विचारून घेतलं. दहा झाडं करणं तुला अवघड नाही. तुझ्याकडे दोरे आहेत.

गेटवरची पाटी मी उतरवली. त्या जागी अजून काही लावलेलं नाही. पिवळी चांगली खपते, लोकांना पिवळी आवडते. तिला कोणी नाव विचारत नाही.

मी तुझ्याकडे काड्या मागत नाही. बोलवत नाही आणि येऊ का असंही विचारत नाही. माफी मागायचं दोनदा लिहिलं आणि दोन्हीदा कागद बदलला, कारण वाचताना ते पुन्हा काहीतरी मागितल्यासारखं दिसत होतं. माझ्याकडून तुला जे द्यायचं राहिलं होतं ते सोबतच्या फॉर्मवर साहेबांनी लिहिलेलं आहे, पहिल्याच चौकोनात. ते वाचताना मला हेवा वाटला. या वयातही जात नाही.

तुझ्या बारा काड्या मी टाकल्या नाहीत. नळाशी जिथे ते पहिलं झुडूप होतं, तिथे वाळूचा वाफा करून त्या लावल्या. लोकर काढली नाही, जुडीची सोडून एका काडीला बांधून ठेवली. मावशी म्हणतात, तीन महिने झाले, नखाने जरा साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर कळेल, नसेल तर वाफा मोकळा होईल.

मी रोज पाणी घालते. खरवडून बघितलेलं नाही.

ताई